बॉनेटखालचा पंधरा वर्षांचा चिखल: आरटीओच्या आधी घरीच इंजिन साफ केलं

आमची अल्टो बाबांच्या नावावर आहे. डिसेंबर 2010 ची नोंदणी, म्हणजे आरसीची मुदत 14 डिसेंबर 2025 ला संपणार होती. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी प्रत्यक्ष आरटीओत नेऊन दाखवायची, एवढं माहीत होतं. चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेल्या ओळख नंबरचा, पेन्सिल प्रिंट (पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा) लागतो हे मात्र ऑक्टोबरात चौकशीला गेले तेव्हा कळलं. तिथे बाहेर टेबल टाकून फॉर्म भरून देणारा एक मुलगा असतो, त्याने बॉनेट उघडायला सांगितलं, मोबाईलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, इथे नंबर आहे असं तुम्ही म्हणताय म्हणून मी मानतो, पण दिसत काहीच नाही. आधी साफ करून आणा."

खरंच काही दिसत नव्हतं. आमच्या गाडीत नंबर इंजिनच्या मागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलाय आणि तिथे ऑईल आणि लाल मातीचं मिळून असं काही पुट चढलेलं की नखाने खरवडलं तर नखात राहायचं. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात लांज्याच्या पुढे राहतो, घरापर्यंतचा शेवटचा रस्ता कच्चा, त्यात मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाची धूळ इतकी वर्षं खाल्लेली. बॉनेट उघडून आत कुणी हात फिरवला असेल असं वाटत नाही, सर्व्हिसिंगला ऑईल बदलतात, फिल्टर बदलतात आणि बॉनेट आपटून मोकळे होतात.

गावातल्या गॅरेजमध्ये विचारलं तर 800 रुपयांत डिझेल वॉश करून देतो म्हणाले. म्हणजे कॉम्प्रेसरने डिझेल फवारायचं आणि वरून प्रेशरचं पाणी मारायचं. बरेच जण करतात, गाडी चकाचक दिसते. पण आमच्या नात्यातल्या एकाच्या गाडीचं एका वॉशिंग सेंटरवर असंच इंजिन धुतलं होतं आणि प्लगच्या खड्ड्यात पाणी साठून गाडी चाळीसच्या वर जाईना, धक्के मारायला लागली, शेवटी प्लगला ठिणगी देणारी कॉइल बदलावी लागली. शिवाय डिझेल रबराला चांगलं नाही. कूलंटचे पाईप ज्या रबराचे असतात ते तेलाने, डिझेलने फुगतं आणि मऊ पडतं, आणि डिझेलचा जो पातळ थर मागे राहतो त्यावर धूळ पुन्हा दुप्पट चिकटते. म्हणून ठरवलं की घरीच करू, हळू का होईना.

त्या वर्षी पाऊस लांबला, दिवाळी झाली तरी संध्याकाळी अंधारून यायचं. तुळशीचं लग्न झाल्यावर जरा उघडीप मिळाली आणि 8 नोव्हेंबरचा शनिवार पकडला. सकाळी लवकर सुरुवात केली कारण इंजिन पूर्ण गार हवं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी पडलं तर एक्झॉस्टच्या बीडाच्या भागाला तडा जाऊ शकतो आणि साफ करायचं लिक्विडही लगेच वाळून डाग पडतात. आदल्या संध्याकाळपासून गाडी हलवलीच नव्हती.

सामान रत्नागिरीहून आणलं होतं. एक लिटर डीग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं लिक्विड) 420 रुपये, दोन रंगाचे ब्रश मिळून 70, रबरी हातमोजे 60, मायक्रोफायबरची तीन फडकी 200, दोन लिटरचा हाताने हवा भरायचा छोटा स्प्रे पंप 180. झाले 930. म्हणजे गॅरेजपेक्षा स्वस्त नाही पडत, ज्यांना पैसे वाचवायचेत म्हणून करायचंय त्यांनी हे आधीच लक्षात घ्या. डीग्रीझर घेताना एकच बघा, पाण्यात मिसळणारं हवं आणि बाटलीवर अल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं हवं. कॉस्टिकवालं जहाल लिक्विड अल्युमिनियमच्या भागांना काळं पाडतं आणि ते मग परत येत नाही. बाथरूमची अॅसिडं तर जवळही आणू नका. आणि आपल्याकडे घरोघरी आंब्याच्या फवारणीचा पंप असतो, तो वापरायचा मोह होतो, पण त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो आणि इंजिनवरून उडालेलं पाणी आपल्याच तोंडावर येतं, त्यामुळे नकोच.

बॉनेट उघडलं आणि आधी फक्त बघत बसले. वायपरखालच्या जाळीत आंब्याची आणि फणसाची पानं कुजून काळी माती झालेली, त्यात एक इवलंसं रोप उगवलेलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला कुंभारमाशीची मातीची घरं, एकाला एक चिकटून ओळीने, काही फुटलेली काही अजून बंद. आणि बॅटरीच्या मागच्या कोपऱ्यात काथ्या, कापूस, पोळीच्या डब्याच्या फडक्याची चिंधी, जी आई गेलं वर्षभर शोधत होती, असं सगळं जमवून उंदराने केलेलं घरटं. रिकामं होतं, पण लेंड्या भरपूर.

इथे एक गोष्ट जरा नीट सांगते. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) दर पावसाळ्यात असतो आणि तो उंदराच्या लघवीतून येतो, हाताला बारीक चीर असली तरी पुरते. त्यामुळे हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय आत हात घालू नका आणि कोरड्या लेंड्या ब्रशने किंवा ब्लोअरने उडवू नका. मी ग्रामपंचायतीकडून विहिरीसाठी मिळते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीभर पाण्यात अगदी थोडी टाकून ते पाणी शिंपडलं, थोडा वेळ मुरू दिलं, मग सगळं घरटं चिमट्याने उचलून पिशवीत बांधलं आणि जागा साध्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसली, कारण ते क्लोरीनचं पाणी पत्र्यावर तसंच राहिलं तर गंज पकडतो. हे करताना वायरी एकेक करून बघितल्या. एका वायरीचं वरचं कव्हर कुरतडलेलं होतं पण आतली तांब्याची तार उघडी पडली नव्हती, तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळली. तार उघडी दिसली असती तर पाणी मारण्याआधी इलेक्ट्रिशियनकडेच नेली असती.

मग बॅटरी. आधी काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, नंतर लाल. दहा नंबरचा पाना लागतो. उलटं केलंत आणि लाल काढताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बसवताना याच्या उलट, आधी लाल मग काळी. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पावडर जमलेली असते ती अॅसिडची, हात लावू नका. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ते ओतलं की फसफसतं आणि जुन्या टूथब्रशने निघून जातं, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही. बॅटरी उचलून ओट्यावर ठेवली तेव्हा खालचा ट्रे गंजून पापुद्रे सुटलेला दिसला. पापुद्रे पॉलिश पेपरने काढले आणि घरात गेटसाठी आणलेला रेड ऑक्साईड, म्हणजे गंज न लागण्याचा रंग, उरला होता तो लावला. त्याला वाळायला वेळ लागतो म्हणून हे पहिल्याच दिवशी उरकून घेतलं आणि पाण्याचं काम रविवारवर टाकलं.

रविवारी बाबा खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसले. गाडी त्यांची, जीव त्यांचा वरखाली. "अगो, पाणी जरा बेतानं मार. इंजिन आहे ते, गोठा नाही धुवायचाय."

बेतानंच मारायचं असतं. आधी झाकाझाक केली. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड, कॉइल आणि प्लगचा भाग, जिथे जिथे वायरींचे जाड कनेक्टर एकत्र येतात ते, या सगळ्यावर प्लास्टिकच्या पिशव्या आणि वरून रबर बँड. ऑईलचं झाकण, डिपस्टिक, ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण घट्ट आहे ना ते हाताने दाबून बघितलं. इथे खरं तर अर्धा तास गेला पण ज्याला काही बिघडायची भीती वाटते त्याने हा अर्धा तास द्यावाच. तशी इंजिनला नुसत्या पाण्याची भीती नसते. पावसात डबक्यातून जातो तेव्हा खालून फवारा उडतोच की. भीती असते ती जोराच्या पाण्याची, जे सीलच्या आत घुसतं आणि आत राहतं.

आमच्या अंगणाला उतार विहिरीच्या बाजूला आहे. ऑईलचं काळं पाणी तिकडे जाऊ द्यायचं नव्हतं. वखारीतून पोतंभर लाकडाचा भुसा आणलेला, तो गाडीखाली जाड पसरला आणि उताराच्या कडेला ओली गोणपाटं आडवी टाकली. भुश्याने बहुतेक सगळं शोषून घेतलं. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या गटारात हे सोडू नये, त्यापेक्षा पाणी इतकं कमी वापरा की खाली ठिबकणारं ट्रेमध्ये झेलता येईल.

डीग्रीझर एकाला पाच पाणी असं केलं, खूप चिकट जागी एकाला तीन. खालून वर फवारलं कारण वरून सुरू केलं तर ओघळाच्या रेषा पडतात. पाच-सात मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, आणि मग ब्रश. सगळं काम ब्रशचंच आहे हे मला पहिल्या कोपऱ्यातच कळलं. लिक्विड फवारून पाणी मारलं की सगळं वाहून जातं असं व्हिडिओत दिसतं तसं पंधरा वर्षांच्या चिखलाचं होत नाही, तो एकेका थराने निघतो, आधी लाल पाणी, मग काळं, मग तपकिरी, आणि मग अचानक खालून पत्र्याचा मूळ चंदेरी रंग दिसतो. ब्रश रंगाचाच बरा, केस लांब असल्यामुळे पाईपांच्या मागे जातो. धुताना स्प्रे पंपाने साधं पाणी, आणि लगेच फडक्याने टिपून घ्यायचं. झाकलेल्या भागांवर पाणी मारलंच नाही, ते नुसते ओल्या फडक्याने पुसले. जाळीतली माती चमच्याने काढली आणि तिथली पाणी जायची भोकं तारेने मोकळी केली. दर पावसाळ्यात बाजूच्या सीटच्या पायाशी ओल यायची, मला वाटायचं दरवाज्याचं रबर गेलंय, ते पाणी या तुंबलेल्या भोकांमुळे आत येत होतं हे तेव्हा उमगलं.

चासी नंबरची जागा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू. वायर ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, ग्राइंडर तर नाहीच. ठोकलेले आकडे घासून उथळ झाले किंवा आजूबाजूला ओरखडे दिसले तर नंबरशी छेडछाड केलीय असा संशय येऊ शकतो आणि तो निस्तरणं महाग पडेल. डीग्रीझरमध्ये भिजवलेलं फडकं त्या पट्ट्यावर दहा मिनिटं चिकटवून ठेवलं, टूथब्रशने गोल गोल घासलं, पुन्हा फडकं ठेवलं. पहिल्यांदा शेवटचा 7 दिसला, मग हळूहळू सगळी ओळ. बाबा आरसी हातात घेऊन एकेक अक्षर वाचत होते आणि मी टॉर्चने जुळवत होते. जुळला. मग शिसपेन्सिलीने त्या आकड्यांवरून घासलं, वर सेलोटेप दाबून चिकटवली आणि उचलून पांढऱ्या कागदावर लावली. हा झाला पेन्सिल प्रिंट. दोन-तीन करून ठेवा, एखादा पुसट येतो.

पिशव्या काढल्या, बॉनेट उघडं ठेवून गाडी दुपारभर उन्हात उभी केली, फटीफटीत सायकलच्या पंपाने हवा मारली. संध्याकाळी बॅटरी जोडली, टर्मिनलवर पेट्रोलियम जेली फासली आणि चावी फिरवली. पहिल्या झटक्यात लागली. थोडा वेळ आरपीएम वर-खाली होत होते, बॅटरी काढून ठेवली की असं होतं, दहा मिनिटांत जागेवर आलं. एक्झॉस्टच्या बाजूने वाफ निघाली तेव्हा आई घाबरून बाहेर आली, पण ती उरलेल्या पाण्याची वाफ, तीही लगेच थांबली. चमक यायला बाजारात जे काळं पॉलिश मिळतं ते मी लावलं नाही. विकायला काढलेल्या गाडीवर तसं पॉलिश दिसलं तर मी उलट दोनदा वाकून बघेन.

कारण स्वच्छ इंजिनचा खरा उपयोग पुढच्या आठवड्यात कळला. रोज शाळेत जाऊन यायचे आणि आल्यावर टॉर्च घेऊन एकदा आत बघायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडेतून ऑईलची एक बारीक ताजी रेघ खाली आलेली दिसली. एवढी वर्षं ती तिथेच असणार, पण सगळंच काळं असताना काय दिसणार. आणि ती रेघ जिथे ठिबकत होती बरोबर त्याखाली रेडिएटरच्या वरच्या होजचं टोक, बोटाने दाबलं तर इतर भाग टणक आणि ते टोक भिजलेल्या खारकेसारखं मऊ. लांज्याच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पहिलं वाक्य, "कुठल्या सेंटरला धुतलीत?" घरी म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा बाबांकडे पाहिलं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे त्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग, नवा होज, थोडं कूलंट आणि मजुरी धरून 1,350 रुपये झाले. होज घाटात फुटला असता तर गाडी तापून हेड गॅसकेटचाच खर्च आला असता, हे मिस्त्रींचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

आता आरटीओचा भाग, थोडक्यात पण जसा झाला तसा. अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, फॉर्म 25. परिवहनच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकला की ओटीपी जातो तो आरसीला जोडलेल्या मोबाईलवर, आणि बाबांचा तो नंबर कधीच बंद झालेला. म्हणजे आधी मोबाईल नंबर अपडेट, त्याला चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख सगळं लागतं, आरसी समोर ठेवूनच बसा. आमच्यासारख्या पंधरा वर्षं झालेल्या कारच्या नूतनीकरणाची फी 5,000 लागली, एप्रिल 2022 पासून वाढली, त्याआधी 600 होती हे ऐकून बाबा दिवसभर गप्प होते. स्मार्ट कार्डचे 200 वेगळे, पर्यावरण कर वेगळा आणि तो पाच वर्षांचा एकदम. मुदत उलटली तर कारला दर महिन्याला 500 लेट फी लागते, त्यामुळे ढकलू नका. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, नसेल तर काम अडतं, आमची उन्हाळ्यातच बसवली होती, 745 अधिक जीएसटी. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवेत, पॅनकार्डची झेरॉक्स, आणि ज्याच्या नावावर गाडी त्याची सही.

24 नोव्हेंबरला, सोमवारी, बाबांना घेऊन गेले. सकाळी दहाला पोचलो, आमचा नंबर आला दुपारी जेवणानंतर. छत्री आणि पाण्याची बाटली न्या, गाड्यांची रांग उन्हात असते. निरीक्षकांनी लाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर चालवून बघितले, टायर बघितले, मग बॉनेट. नंबर प्रिंटशी ताडून बघितला, मोबाईलने फोटो काढला, आणि इंजिन नंबरही बघितला जो ब्लॉकवर खाली असतो आणि जो मी साफ करताना सापडला म्हणून पुसून ठेवला होता. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. आमच्या पुढच्या ओम्नीवाल्या काकांचा नंबर गंजाखाली दिसत नव्हता, त्यांना साफ करून पुन्हा या म्हणून सांगितलं. ते रांगेतच रॉकेलचा बोळा घेऊन घासायला बसले होते, मी त्यांना पर्समधला टूथब्रश दिला.

आरसीचं कार्ड पोस्टाने आलं, 2 जानेवारीला. मधल्या काळात मोबाईलमधल्या सरकारी अॅपवर नवी मुदत दिसत होती तेवढ्यावर भागलं. पुढची तारीख डिसेंबर 2030. उंदीर डिसेंबरातच परत आला होता. मिस्त्री म्हणाले तंबाखूची पानं ठेवा, ठेवली, त्याने ती बाजूला सारून शेजारी लेंड्या टाकल्या. आता गाडी भाताच्या कणगीपासून लांब, पडवीच्या दुसऱ्या टोकाला लावते आणि रात्री बॉनेट वर करून ठेवते, आत अंधार-ऊब नसली की त्याला रस राहत नाही असं दिसतंय. आमची गाडी बीएस-3 या जुन्या प्रदूषण मानकाची आहे त्यामुळे पीयूसी सहाच महिन्यांची, ती मे महिन्यात संपते, पावसाआधी जाळीतली पानंही तेव्हाच काढेन.